खिंडीतली राखण

आमच्याकडे उतरलेल्या बाई आंघोळीला गेल्या तेव्हा मी त्यांची पिशवी उघडून पाहिली. आत दोन सुती साड्या, टॉवेल, पोटदुखीच्या गोळ्या, जाड भिंगाचा जादा चष्मा आणि एका पांढऱ्या कापडाची घडी. कापडावर निळ्या अक्षरांत चार भाषांत काहीतरी लिहिलेलं. त्यातलं मराठी तेवढं मला वाचता आलं, ‘शांतता’. हे तर शाळेत आणि दवाखान्यात भिंतीवर लिहितात. ते कापडावर लिहून पिशवीत घेऊन फिरायचं काय कारण? मी घडी होती तशी ठेवली, आणि डाळीत काहीतरी काळं आहे हे मनाशी पक्कं केलं.

माझा स्वभाव संशयी आहे. माहेरी येडगावला आई म्हणायची, ही पोरगी दूध पिण्याआधी म्हशीची चौकशी करील. सासरी आले तेव्हा लोकांना याचा त्रास झाला, मग सवय झाली, मग उपयोग व्हायला लागला. बाजारात वांगी घ्यायची असली की शेजारणी मला पुढे घालायच्या.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, महाळुंगे पडवळच्या बाजूला. गावामागे डोंगर. डोंगराच्या माथ्यावर खिंड, खिंडीत खंडोबाचं एवढंसं देऊळ, आणि खिंड उतरलं की पलीकडचं गाव, ते जुन्नर तालुक्यात. माझी थोरली बहीण त्या गावात दिलेली. वडिलांनी मुद्दाम अशी स्थळं पाहिली होती. दोघींच्या चुली एकाच डोंगराला टेकून राहतील, एकीला ठसका लागला तर दुसरी पाणी घेऊन येईल, असं ते म्हणायचे. लग्नानंतरची काही वर्षं तसं होतंही. सकाळची भाकरी टाकून निघालं की दुपारच्या जेवणाला मी तिच्याकडे असायची.

मग डोंगरावरून दोन गावांचं वाजलं. डोंगर कुणाचा, हे दोन्ही तालुक्यांच्या कागदांवर वेगवेगळं. गुरं दोघांचीही तिथंच चरायची, लाकूडफाटाही तिथलाच. चरून चरून डोंगर उघडा पडला तसं गवत कमी आणि भांडण जास्त झालं. एका उन्हाळ्यात काठ्या निघाल्या, डोकी फुटली, आणि दोन्ही गावांनी ठरवलं की खिंडीतून कुणी जायचं नाही. बहिणीकडे जायचं तर आधी मंचर, मग नारायणगाव, मग पुन्हा जीप, असा दिवस मोडायचा. आणि मोडला तरी घरचे जाऊ देत नव्हते. चतुर्थीला लेण्याद्रीला दर्शनाला जायचं निमित्त काढायचो आणि पायऱ्यांवर बसून बोलायचो. गणपतीपुढे आमचा मुक्काम कमी आणि पायऱ्यांवरच जास्त.

म्हणून सांगते, मला डोंगराचं काही पडलं नव्हतं. मला बहिणीकडे जायची वाट पाहिजे होती.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर या बाई आल्या. पुण्याच्या, साठी ओलांडलेल्या. देशादेशांत भांडणं नकोत, बॉम्ब नकोत, म्हणून जन्मभर उन्हातान्हात मोर्चे काढत चाललेल्या. मोठ्या भांडणांनी आपलं काही ऐकलं नाही, तेव्हा आता जवळची छोटी भांडणं बघावीत, असं त्यांनी ठरवलं होतं. मंचरला कुणीतरी त्यांना आमच्या डोंगराचं सांगितलं. आमचं घर मोठं आणि सासऱ्यांच्या शब्दाला गावात मान, म्हणून त्या आमच्याकडे उतरल्या.

गाव काय काय बोललं! कुणी म्हणालं जंगलखात्याची बाई आहे, डोंगर ताब्यात घ्यायला आली. कुणी म्हणालं पुण्याच्या पार्टीला बंगले बांधायला जागा बघते. मला हे सगळंच शक्य वाटत होतं. पण आठवडा झाला, बाई रोज डोंगरावर जायच्या, संध्याकाळी पाय चेपत बसायच्या आणि जेवताना एकच सांगायच्या, की डोंगराला काही करू नका, झाडंसुद्धा लावू नका, नुसता राखा. पाच-सात वर्षं गुरं आणि कुऱ्हाड लांब ठेवा, तो आपला आपण उठेल, पाणी धरील. सगळी पृथ्वी तापत चालली आहे, पाऊस पुढे बेभरवशाचा होणार आहे, तेव्हा हेच उपयोगी पडेल. मी त्यांना तोंडावर म्हटलं, की गाड्या तुम्ही शहरवाल्यांनी उडवायच्या आणि राखण आम्ही करायची, हा कुठला न्याय? त्या म्हणाल्या, बरोबर बोललात, याला माझ्याकडे उत्तर नाही. उत्तर नाही म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. तेवढ्यानं विश्वास बसला नाही, पण ताटात भाकरी वाढताना माझा हात जरा सैल झाला.

शेवटी खिंडीत देवळासमोर दोन्ही गावं बसली. बाईंनी कागद लिहून आणला होता, दोन्हीकडच्यांनी सह्या करायच्या. कागद म्हटल्यावर दोन्ही गावांचं प्रथमच एकमत झालं, की सही करायची नाही. कागद उद्या कुठंही फिरेल, कुणीही वर काहीही लिहील. आमच्याकडे खरं करायचं असलं की बेल-भंडारा उचलतात. देवापुढच्या ताटात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा, तो हातात घेऊन बोललेला शब्द मोडला तर पंधरा दिवसांत देव दाखवून देतो, अशी समजूत. बाईंना हे पटत नव्हतं, त्यांचा चेहरा उतरला. पण कागद घडी करून त्यांनी पिशवीत ठेवला, आणि दोन्ही गावांनी भंडारा उचलून डोंगर राखायची शपथ घेतली.

राखण कोणी करायची, यावर पुन्हा अडलं. मी बायकांत बसले होते. पुटपुटले, की आपल्या राखणदाराला आपलीच गुरं कशी दिसतील? त्यांचा उतार आपण राखावा आणि आपला त्यांनी. सासऱ्यांनी ते ऐकलं आणि खाकरून मोठ्यांदा सांगितलं, जणू त्यांनाच सुचलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आपला माणूस आपल्या गाववाल्याला सोडून देईल, पण पलीकडच्याला कोण सोडतो? बाई म्हणाल्या, शांतता विश्वासावर उभी राहते. आमची संशयावर उभी राहिली, आणि ती चांगली मजबूत होती.

राखणीला बायकाच जायला लागल्या, कारण पुरुष तरकारीच्या गाडीत अडकलेले. मी आपण होऊन पाळी मागून घेतली. पलीकडून कोण मागून घेईल हे मला माहीत होतं. मी त्यांचा उतार राखायची, बहीण आमचा. दुपारी खिंडीत देवळाच्या सावलीला दोघींची भाकरी सुटायची. राखणीपुरतं वरच्या उतारावर फिरता यायचं, पलीकडच्या गावात उतरायला मात्र अजून मनाई होती. तिच्या घराचे पत्रे वरून दिसायचे. तिच्या दारातल्या पेरूला फळ आलं की मला वरून कळायचं, पण तो खायला जाता यायचं नाही.

राखण करायची म्हणजे डोंगराकडे चोराच्या नजरेनं बघावं लागतं. हा दगड काल इथंच होता का, हे गवत वाकलं ते वाऱ्यानं की पायानं, टिटवी कुणाला बघून ओरडली. असं बघता बघता मला डोंगर पाठ झाला. करवंदीच्या जाळ्या वाढल्या. टोचरी कुसळी होती तिथं गुरांच्या आवडीचं मारवेल गवत आलं. तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांना धुमारे फुटले, आणि खैर, बोर, कुठं कुठं आपटा उभा राहायला लागला. मोर आले. कुणी म्हणालं, आता बिबट्या येईल, मग बसा शांततेची गाणी म्हणत. आमच्या उतारावरचा झरा पूर्वी शिमग्याआधी आटायचा. तो पाडव्यापर्यंत टिकला, पुढं एका वर्षी अक्षय्य तृतीयेलासुद्धा त्याचं पाणी चाखलं. त्या दिवशी ओंजळीतलं पाणी पिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला आशा वाटायला लागली होती, आणि या वाटण्याचीच मला धास्ती होती. आपल्याला चांगलं वाटतंय म्हणजे कुणीतरी फसवतंय, हा माझा अनुभव.

झऱ्याभोवती एक हिरवा पट्टा राहायचा. सगळा डोंगर वाळून पिवळा झाला तरी तिथलं गवत कोवळं, लुसलुशीत. ते कुणी कधीही कापायचं नाही, असं शपथेतच होतं. बाकीचं गवत दिवाळीनंतर दोन्ही गावं निम्मं निम्मं कापून नेत. पण झऱ्याचं गवत उभं राहिलं तरच झरा उभा राहील, असं बाईंनी बजावलं होतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. फाल्गुनात तो पट्टा कुणीतरी कापायला लागलं. एकदम नाही, कडेकडेनं, रोज विळ्याचे चार हात. चोर हुशार होता. झरा आमच्या उतारावर, म्हणजे राखण त्यांच्या गावाची, आणि त्या महिन्यात पाळी माझ्या बहिणीची. आमच्या गावात कुजबुज सुरू झाली. तिच्या गोठ्यात नुकती व्यालेली गाय होती. मी तिला खिंडीत सरळ विचारलं. ती म्हणाली, मी न्हाई कापलं, आणि भाकरीचा तुकडा मोडत दुसरीकडे बघायला लागली. लहानपणी ती काही लपवायची तेव्हा अशीच दुसरीकडे बघायची. माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुन्हा दोन्ही गावं खिंडीत बसली. राखण करणाऱ्या आणि डोंगरावर पाय ठेवणाऱ्या सगळ्यांनी, बाया असोत की पुरुष, एकेकानं बेल-भंडारा उचलून सांगायचं, की झऱ्याचं गवत मी कापलं नाही. ताट धरायचा मान सासऱ्यांना दिला, वयानं आणि शब्दानं ते थोर. ओळीनं सगळे आले. मी उचलला. बहिणीनं उचलला, तेव्हा मी तिच्या हाताकडेच बघत होते. कुणीच अडखळलं नाही. त्यामुळे दोन्ही गावांनी मनात एकच काढलं, की पलीकडचे देवापुढेसुद्धा खोटं बोलतात. आणि मग सगळे एकमेकांच्या तब्येतीकडे लक्ष ठेवायला लागले. कुणाला शिंक आली तरी चार माना वळायच्या.

पंधरा दिवसांच्या आत माझी बहीण पडली. कावीळ. डोळे पिवळे, अंगात त्राण नाही, अन्नाचा वास सोसेना. दोन्ही गावांत निकाल लागला. देवानं दाखवलं. तिच्या गावानं तिच्या घरावरून जाताना बोलणं टाकलं, आमच्या गावातल्या पोरांनी गुरं डोंगरावर सोडायची तयारी केली. शपथ त्यांनी मोडली, आता आम्ही कशाला पाळू? बाई पुण्याहून धावत आल्या, कावीळ पाण्यातून होते, देवाचा काही संबंध नाही, असं घरोघर सांगत फिरल्या. कोण ऐकतो!

मी ऐकलं नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर मलाही आधी वाटलं, की तिनं कापलं असेल. मग आठवलं, की मी आयुष्यात कुणाच्याही निकालावर असा चटकन विश्वास ठेवला नाही, अगदी वांगेवालीच्यासुद्धा. मग याच निकालावर का ठेवू? मी माझा संशय काढला आणि त्याला दुसऱ्या रस्त्याला लावला.

आमच्या गोठ्यात एक म्हातारा बैल होता. सासऱ्यांनी वासरू असल्यापासून वाढवलेला. दात पडलेले, कडबा चावता येत नव्हता, कामाचा तर केव्हाच राहिला नव्हता. माघात त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. शेण काढायला मीच जायची. फाल्गुनात त्याचं शेण हिरवं पडायला लागलं होतं. तेव्हा मी इकडं तिकडं चोर शोधत होते, आपल्या घरचं शेण कोण बघतो? आता गव्हाणीच्या फटीत बोट घातलं, तर कोवळ्या मारवेलाची काडी हाताला आली. आणि दुसरं, बहीण आजारी पडल्यापासून सासऱ्यांचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी काडी पदरात बांधली आणि भिंतीला टेकून बसून राहिले. बोलले तर घर जातं, नाही बोलले तर बहीण जाते, आणि डोंगरही.

तिसरी बैठक शपथ मोडायची होती. आमची गुरं डोंगराच्या पायथ्याला आणून उभी केलेली, त्यांच्या घंटा वर ऐकू येत होत्या. बहीण नव्हती, तिचा नवरा खाली मान घालून बसला होता. बोलणं संपलं, लोक उठायच्या बेतात आले. मी बायकांतून उठले आणि सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिले.

“मामा,” मी म्हणाले, “त्या दिशी ताट तुमच्या हातात व्हतं. समद्यांनी भंडारा उचलला. तुमचा तेवढा राहिलाय.”

मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मागून माझा दंड धरला. मी सोडवून घेतला नाही आणि हललेही नाही. काडी पदरातच होती, ती मी काढली नाही. सासरे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता मारतील. मग ते उठले, देवळात गेले, वाकले आणि ताटाकडे हात नेला. बोटं भंडाऱ्याला लागणार एवढ्यात थांबली. कितीतरी वेळ ती तशीच अधांतरी होती. मग त्यांनी हात मागे घेतला आणि उंबऱ्यावर बसले.

“त्याला दात न्हाईत,” ते म्हणाले. “कडबा चावंना. बाजार दाखवायचं धाडस झालं न्हाई मला.”

कुंपणानंच शेत खाल्लं की, असं कुणीतरी म्हणालं, पण ते हळूच. बैल सगळ्यांच्याच गोठ्यात म्हातारे होतात. खालच्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. मला सासऱ्यांची लाज वाटली, दयाही आली, आणि बहीण सुटली याचा आनंद तर पोटात मावत नव्हता. तिन्ही गोष्टी एकदम वाटत होत्या.

पलीकडच्या गावच्या सर्वांत जुन्या माणसानं निवाडा केला. तो आमच्याच रीतीचा होता, कुणावर विश्वास न ठेवणारा. हा बैल तुमच्या गोठ्यात राहिला तर तुम्ही पुन्हा गवत चोरणार. तेव्हा बैल आमच्या गावात राहील, ज्या बाईवर आळ घेतला तिच्या दारात. आणि तुम्ही रोज त्याला भरडा दळून, भिजवून, स्वतः आणून चारायचा. आमच्या पोरांनी कुरकुर केली, की म्हणजे खिंड ओलांडावी लागेल. म्हातारा म्हणाला, मग ओलांडा की.

बाई बाजूला दगडावर बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. नंतर मला म्हणाल्या, एवढी वर्षं शांततेसाठी चालले, पण तह असा बैलाच्या दावणीला बांधायचा असतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढेही त्या येत राहिल्या, पाय साथ देईनात तोपर्यंत. त्यांची पिशवी मी पुन्हा उघडली नाही, असं म्हणणार नाही. एकदा उघडली. कापड तेच होतं, कडेला जरा विरलेलं.

त्याच संध्याकाळी बैल पलीकडे गेला, आणि दुसऱ्याच दिवशी सासरे भरड्याची बादली घेऊन निघाले. घरात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. मी न विचारता चपला घातल्या आणि त्यांच्यामागून चालायला लागले. खिंडीत ते दम खायला थांबले तेव्हा त्यांनी बादली माझ्या हातात दिली, आणि आम्ही पलीकडे उतरलो. कितीतरी वर्षांनी मी ती उतरण गावापर्यंत उतरत होते. पेरूचं झाड वरून दिसायचं त्यापेक्षा बरंच उंच झालं होतं.

बहीण पडवीत खाटेवर होती. डोळ्यांतला पिवळेपणा उतरायला लागला होता. सासऱ्यांनी दारातूनच तिला हात जोडले आणि बैलाकडे गेले. ती उठायला लागली, मी बसवली. बाहेर ते बैलाला भरडा चारत होते, त्याच्याशी काहीबाही बोलत होते. मला एक गोष्ट उमगत नव्हती. झरा तिच्या राखणीत होता. रोज एक म्हातारा माणूस विळा घेऊन येतो, गवत कापतो, जातो, आणि हिला दिसत नाही?

“तुला माहीत व्हतं,” मी म्हणाले.

“पहिल्याच दिशी दिसले मला.”

“मग बोलली का न्हाईस? गाव थुंकत व्हतं तुझ्यावर.”

तिनं पांघरुणाची कड नीट केली. “तुला त्या घरात नांदायचं व्हतं,” ती म्हणाली, आणि या वेळी ती दुसरीकडे बघत नव्हती.

मी जन्मभर लोकांच्या बोलण्यात खोट शोधत आले आहे. त्या दिवशीही तिच्या तोंडाकडे बघत शोधली, सवयच ती. सापडली नाही.